पाइपची तंबाखू: गोव्याच्या दुकानांत ती का सापडत नाही?

वास्कोत राहणारे आमच्या परिचयाचे एक निवृत्त जहाज-अभियंते दर दोन-तीन महिन्यांनी एक रिकामी गोल डबी खिशात घालून बाहेर पडतात. वास्कोहून मडगाव, मडगावहून पणजी, क्वचित म्हापसा. वाटेतल्या प्रत्येक बऱ्या दिसणाऱ्या गाड्यावर व दुकानात ते डबी पुढे करतात आणि ‘या जातीची काही आहे का?’ असे विचारतात. उत्तर बहुधा मान हलवूनच मिळते. एखादा दुकानदार सिगारेट वळण्याची बारीक तंबाखू काढून देतो, दुसरा फळांच्या वासाचा हुक्क्याचा चिकट लगदा दाखवतो. गेल्या पावसाळ्यात एका दुकानात त्यांना खरोखरीच पाइपच्या तंबाखूची परदेशी डबी मिळाली. तिच्यावर आयातदाराचे नाव नव्हते, किंमत छापलेली नव्हती, धोक्याचे चित्रही नव्हते. घरी येऊन झाकण उघडले तेव्हा आत बुरशीचे पांढरे जाळे पसरलेले होते. पावती घेतलेली नसल्यामुळे पैसे परत मागण्याचा प्रश्नच उद्भवला नाही.

अशा अनुभवानंतर दुकानदाराला बोल लावणे सोपे असते. परंतु पाइपची चांगली तंबाखू आपल्याकडे मिळत नाही याची कारणे दुकानाच्या फळीवर नाहीत. ती पानाच्या जातीत, करांच्या तक्त्यात, कायद्यात आणि काही अंशी आपल्या दमट हवेत आहेत. त्यांची ओळख करून देणे एवढाच या लेखाचा हेतू आहे. पाइप निरुपद्रवी आहे असा समज अनेक सुशिक्षितांतही आढळतो, तो मात्र आधीच दूर केलेला बरा. पाइप ओढणारे बहुतेक जण धूर फुप्फुसात न घेता तोंडात घोळवतात हे खरे. तरीही ओठ, जीभ, तोंड आणि घसा यांच्या कर्करोगाचा धोका त्यामुळे टळत नाही. ज्यांनी पाइप कधी हाती धरला नाही, त्यांनी या लेखाच्या निमित्ताने तो धरू नये.

मिश्रणात काय असते

विडी किंवा सिगारेट ओढणाऱ्याला तंबाखू ही एकच वस्तू वाटते. पाइप ओढणाऱ्याच्या दृष्टीने ती चार-पाच वेगळ्या पदार्थांची जुळणी असते. घरोघरच्या मसाल्यात जसा धण्या-मिरच्यांचा अंदाज बदलतो, तसाच येथे पानांचा बदलतो. यातले मुख्य पान व्हर्जिनिया. शेतातून खुडलेले हे पान बंद कोठारात नळ्यांतून फिरवलेल्या उष्णतेवर काही दिवस वाळवतात. त्यामुळे त्यातील साखर टिकून राहते, पानाला पिवळा-केशरी रंग येतो आणि धुराला वाळल्या गवताची गोडसर चव लाभते. दुसरे पान बर्ली. ते छपराखाली वाऱ्यावर सावकाश वाळते. त्यात साखर जवळजवळ उरत नाही, पण बाहेरून दिलेला कोणताही वास ते टिपकागदासारखे शोषून घेते. व्हॅनिला, चेरी किंवा मद्यार्काच्या वासाची जी मिश्रणे दुकानात घमघमतात, त्यांचा आधार पुष्कळदा हेच पान असते. तुर्कस्तान, ग्रीस आणि बाल्कन प्रदेशात पिकणारी लहान आकाराची पाने उन्हात वाळवतात. त्यांना पौर्वात्य किंवा ‘ओरिएंटल’ म्हणतात. त्याच जातकुळीची पाने लाकडांच्या धुरात धुरावली की लाटाकिया तयार होते. सिरियातल्या बंदरावरून तिला हे नाव मिळाले असले, तरी आज बाजारातली लाटाकिया प्रामुख्याने सायप्रसमधून येते. काळी, तेलकट, चुलीजवळच्या फडताळाला येतो तशा वासाची ही तंबाखू इंग्लिश पद्धतीच्या मिश्रणांचा प्राण मानली जाते. लुइझियाना राज्यातील सेंट जेम्स परगण्यात होणारी पेरिक तर लाकडी पिपांत दाबाखाली महिनोन्महिने आंबवतात; मिश्रणात ती चिमूटभरच पडते.

पानांइतकेच महत्त्व कापण्याला असते. सिगारेटची तंबाखू केसासारखी बारीक कापतात, कारण ती कागदात सहज पेटली पाहिजे. पाइपमध्ये तीच भरली तर भडकन जळते, भांडे तापते आणि जीभ भाजते. पाइपसाठी रुंद पट्ट्या, दाबून केलेल्या वडीचे पातळ काप किंवा ती वडी अखंडच ठेवतात. काप ओढणाऱ्याने हातावर चोळून मोकळे करायचे असतात. तंबाखूत ओलावाही हवा. फार कोरडी असेल तर ती तिखट लागते, फार ओली असेल तर पेटत नाही आणि नळीत पाणी जमते. आमचे अभियंते चिमूटभर तंबाखू बोटांत दाबून सोडतात. ती सावकाश उलगडली तर ते समाधानाने मान डोलावतात, गोळा होऊन राहिली किंवा चुरा झाला तर डबी परत करतात.

शेजारी पीक असताना

यावर एक स्वाभाविक शंका अशी, की चोर्ला घाट चढून बेळगावच्या पुढे गेले की निपाणी लागते आणि निपाणी म्हणजे तंबाखू. मग आपल्याला टंचाई कसली? निपाणी-चिकोडी पट्ट्यातले पीक विडीचे आहे. ते पान उन्हात वाळते, त्याचा भुगा करतात आणि वखारींतून तो विडी कारखान्यांकडे जातो. विडीचा झुरका छोटा, तेंदूच्या पानात सामावणारी तंबाखू चिमूटभर, आणि ओढणाऱ्याला हवा असतो तो तडाखा. त्या कामासाठी हे पान उत्तम आहे. पाइपच्या भांड्यात मात्र हा भुगा घट्ट बसतो, हवा अडते आणि दोन झुरक्यांत घसा धरतो. या पिकावर त्या भागातले किती संसार उभे आहेत हे १९८१ मध्ये शरद जोशी यांच्या नेतृत्वाखाली झालेल्या निपाणीच्या रास्ता रोकोने देशाला दाखवून दिले होते. भावासाठी बसलेल्या त्या शेतकऱ्यांवर गोळीबार झाला आणि माणसे प्राणास मुकली. पण त्या साऱ्या उलाढालीत पाइपचा कोठेही संबंध नव्हता.

पाइपला चालणारी व्हर्जिनिया जात आणखी दक्षिणेला, म्हैसूर जिल्ह्यातल्या हुणसूर-पिरियापट्टण भागात पिकते. आंध्र प्रदेशातही मोठ्या प्रमाणावर होते. १९७५ च्या कायद्याने स्थापन झालेल्या तंबाखू मंडळाच्या देखरेखीखाली तिचे लिलाव होतात. घेणारे असतात सिगारेट कंपन्या आणि निर्यातदार. म्हणजे कच्चा माल देशात आहे, आणि चांगल्या प्रतीचाही आहे. परंतु तो घेऊन, त्यात परदेशी पाने मिसळून, दाबून, मुरवून पाइपसाठी मिश्रण करणारा कारखानदार हवा असेल तर त्याला गिऱ्हाईकही हवे. पाइप ओढणारे देशभर विखुरलेले मूठभर लोक. सिगारेटचा यंत्रावरचा एक दिवसही त्यांच्यासाठी थांबवणे कोणाला परवडावे?

इतिहासाची गंमत अशी, की तंबाखू या देशात आली ती पोर्तुगीजांबरोबर, म्हणजे आपल्याच किनाऱ्यावरून. शब्दसुद्धा त्यांच्याच ‘टाबाकू’वरून आला. किनाऱ्यावरून ती आदिलशाहीत पोहोचली. अकबराचा वकील असद बेग विजापूरला गेला असता त्याने ती तेथे पाहिली आणि सतराव्या शतकाच्या अगदी आरंभी रत्नजडित नळीसह बादशहापुढे ठेवली. दरबारच्या हकिमाने विरोध केला, तरी अकबराने दोन-चार झुरके घेऊन पाहिले, असे असद बेगने लिहून ठेवले आहे. पुढे जहांगीरने १६१७ मध्ये तंबाखूला मनाई केली; ती किती पाळली गेली हे आज आपण पाहतोच आहोत. गोव्यात तर पोर्तुगीज राजवटीने तंबाखूच्या विक्रीचा मक्ताच ठेवला होता. ब्राझीलमधल्या बाहियाची तंबाखू समुद्रमार्गे येथे येई आणि मक्त्याचे उत्पन्न सरकारी तिजोरीचा महत्त्वाचा आधार होते. १९५० च्या दशकात, लोहखनिजाच्या पैशावर गोव्याची बाजारपेठ परदेशी वस्तूंनी ओसंडत असताना, विलायती तंबाखूच्या डब्या येथे सहज मिळत असत. १९ डिसेंबर १९६१ नंतर गोव्याला भारताचे आयात-नियम लागू झाले आणि ती वाट बंद झाली. पुढची कित्येक वर्षे डबी यायची ती तारवट्यांच्या पेटीतून, साबण आणि चॉकलेटांच्या शेजारी बसून.

शंभराचे चारशे अठरा

आज आयात खुली आहे. तरीही दुकानदार माल का मागवत नाही, याचे उत्तर करांत सापडते. १ जुलै २०१७ रोजी वस्तू व सेवा कर लागू झाला तेव्हा ‘पाइप व सिगारेटसाठीची धूम्रपान मिश्रणे’ या शीर्षकाखालील मालावर २८ टक्के कर आणि त्याखेरीज २९० टक्के भरपाई उपकर बसला. शंभर रुपयांचा माल त्यामुळे ४१८ रुपयांना पडू लागला, आणि यात सीमाशुल्क व दुकानदाराचा नफा धरलेला नाही. विडीवर त्याच वेळी २८ टक्के कर होता, उपकर मुळीच नव्हता. हुक्क्याच्या तंबाखूवरचा उपकरही याच्या मानाने पुष्कळ कमी. त्यानंतर कररचना बदलत गेली, पण पाइपच्या मिश्रणाला सवलत अशी मिळालेली नाही.

हा दर कोणी पाइपवाल्यांवर राग धरून ठरवला असे मानण्याचे कारण नाही. एकाच शीर्षकात पाइपची तंबाखू आणि सिगारेट वळण्याची तंबाखू बसते. सिगारेट महाग करायची आणि सुटी तंबाखू स्वस्त ठेवायची, तर ओढणारे कागद विकत घेऊन घरी सिगारेटी वळू लागतील; ती पळवाट बुजवण्यासाठी शीर्षकच जड करणे शासनाला सोयीचे. सार्वजनिक आरोग्याच्या दृष्टीने त्यात चूक काढता येणार नाही. पाइपवाले त्या दारात ओघानेच अडकले, इतकेच.

कायद्याची बाजू याहून कडक आहे. २००३ च्या केंद्रीय तंबाखू नियंत्रण कायद्यानुसार धोक्याची सूचना नसलेले तंबाखूचे वेष्टन विकता येत नाही, मग ते येथले असो वा परदेशातले. एप्रिल २०१६ पासून ही सचित्र सूचना वेष्टनाच्या दर्शनी भागाचा ८५ टक्के हिस्सा व्यापते. असे वेष्टन नसलेला माल विकणाऱ्या किरकोळ दुकानदाराला पहिल्या गुन्ह्यासाठी एक वर्षापर्यंत कैद, एक हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही शिक्षा होऊ शकतात. डेन्मार्क किंवा इंग्लंडमधल्या कारखान्याने भारतासाठी वेगळे वेष्टन छापायचे, आयातदाराने त्यावर स्वतःचे नाव-पत्ता व कमाल किंमत टाकायची, आणि हे सगळे कशासाठी, तर देशभरात खपणाऱ्या थोड्याशा पेट्यांसाठी. हा हिशेब कोणालाच परवडत नाही. ज्या मोजक्या जाती रीतसर येतात, त्या बहुतेक वासाच्या व मोठ्या खपाच्या. दिल्ली-मुंबईच्या दुकानांत त्यांचा माल संपला की गोव्याला उरते काय? गाडेवाल्याचा विचार तर आणखी साधा असतो. सिगारेटचे पाकीट दिवसाला अनेकदा विकले जाते आणि पैसा फिरता राहतो. पन्नास ग्रॅमची डबी एका गिऱ्हाइकाला पंधरा-वीस भरणी पुरते आणि ते गिऱ्हाईक पुन्हा केव्हा उगवेल याचा भरवसा नसतो.

जगाच्या बाजारातही फारसे आशादायक चित्र नाही. अमेरिकेतील कॅन्सस सिटीच्या मॅक्लेलंड कंपनीने हवे तसे लाल व्हर्जिनिया पान मिळेनासे झाल्याचे कारण देत २०१८ मध्ये काम बंद केले. डनहिलच्या नावाची पाइपची तंबाखू त्याच सुमारास बाजारातून गेली आणि तिच्यातली बरीच मिश्रणे पुढे पीटरसनच्या नावाने परत आली. आमच्या अभियंत्यांच्या खिशातली रिकामी डबी डनहिलचीच आहे. ते ज्या नावाची डबी दुकानोदुकानी दाखवत फिरतात, त्या नावाची तंबाखू आता कोठेच बनत नाही, हे त्यांना सांगावे लागले तेव्हा ते बराच वेळ काही बोलले नाहीत.

दुकानात गेल्यावर

किनारपट्टीवर ‘स्मोक शॉप’ अशी पाटी लावलेली दुकाने गेल्या काही वर्षांत वाढलेली दिसतात. पाइप ओढणाऱ्याने त्या पाटीवर विसंबून राहू नये. तेथे वळण्याचे कागद, हुक्क्याची भांडी, लायटर आणि शोभेच्या काचनळ्या असतात. पाइप असलाच तर भेटवस्तू म्हणून ठेवलेला, रोगण फासलेल्या सामान्य लाकडाचा. चांगला पाइप ब्रायरचा, म्हणजे भूमध्य सागरी प्रदेशातल्या एका झुडपाच्या मुळाच्या गाठीचा असतो. ते लाकूड आच सोसते. रोगणाचा पाइप तापला की रंगाचाच वास येतो. हुक्क्याची तंबाखू पाइपमध्ये भरण्याचा सल्ला काही विक्रेते निःशंकपणे देतात. ती काकवी किंवा साखरेचा पाक आणि ग्लिसरीन यांत भिजवलेली असते आणि निखाऱ्याच्या धगीवर नुसती शेकण्यासाठी असते. काडी लावून ती धड जळत नाही, पाइप मात्र चिकटाने कायमचा खराब होतो.

डबी मिळालीच, तर आधी तिची बाहेरची बाजू पाहावी. सचित्र सूचना, आयातदाराचे नाव-पत्ता, आयातीचा महिना आणि कमाल किंमत यांपैकी काही नसेल तर तो माल चोरट्या वाटेने आलेला समजावा. प्रश्न केवळ कायद्याचा नाही. तो माल किती वर्षे कोणत्या गुदामात पडून होता हे सांगणारा कोणी नसतो आणि फसगत झाल्यास दाद मागायला दारही नसते. गोल डब्यांतली तंबाखू हवा काढून बंद केलेली असते. झाकण हाताने फिरत असेल, तर हवा आत गेलेली आहे. आपल्याकडच्या खाऱ्या वाऱ्यात डबीच्या कडेला गंज चढतो आणि सुईच्या टोकाएवढे भोकसुद्धा आतला माल बिघडवायला पुरते. म्हणून कडेवरून बोट फिरवून पाहावे. मऊ पाकिटातली तंबाखू तर मे महिन्यात काचेच्या कपाटात उन्हाला ठेवलेली असते. ती कुरकुरीत लागली तर घेऊ नये.

डबी फोडल्यावर गोव्यात खरी परीक्षा सुरू होते. जून ते सप्टेंबर हवेतला ओलावा इतका असतो की उघडी तंबाखू पापडासारखी सादळते आणि चार-आठ दिवसांत तिला बुरशी धरू शकते. वातानुकूलित खोलीत उलट होते, ती खडखडीत वाळते. यावर सर्वांत चांगला उपाय घरातच असतो: लोणच्यासाठी वापरतात तशी काचेची, रबरी कडीच्या झाकणाची बरणी. अर्थात तिच्यात पूर्वी लोणचे नसावे. बरणी गरम पाण्याने धुऊन, पूर्ण कोरडी करून, तंबाखू फार न दाबता भरावी व अंधाऱ्या फडताळात ठेवावी. व्हर्जिनिया अशा रीतीने वर्षानुवर्षे मुरते आणि मऊ होत जाते; लाटाकियाचा धुरकटपणा मात्र काळाबरोबर ओसरतो. कोरड्या तंबाखूत बटाट्याची साल किंवा सफरचंदाची फोड टाकण्याची जुनी युक्ती आपल्या हवेत घातक आहे, कारण त्या फोडीवरच आधी बुरशी येते. त्यापेक्षा पसरट ताटलीत तंबाखू पसरून वर किंचित ओले, घट्ट पिळलेले फडके तंबाखूला न टेकेल असे तासभर झाकावे. एकदा बुरशी दिसली की मात्र वरची काढून खालची वापरण्याचा मोह टाळावा आणि बरणी रिकामी करावी.

आता रीतसर मार्ग उरतो तो परदेशातून येणाऱ्या प्रवाशाचा. सामानातून शुल्काशिवाय आणता येणाऱ्या तंबाखूची मर्यादा पूर्वी २५० ग्रॅम होती, ती पुढे १२५ ग्रॅम झाली. शंभर सिगारेटी किंवा पंचवीस सिगार यांना पर्याय म्हणून ही सवलत आहे, त्यांच्या जोडीला नाही. पन्नास ग्रॅमच्या दोन डब्या तिच्यात बसतात. तिसरी बसत नाही, आणि अर्धी डबी कोणी विकत नाही.

अभियंत्यांचा एक भाचा जहाजावर आहे. करार संपवून विमानाने परतताना तो अशा दोन डब्या आणतो. मामा त्या चार लहान बरण्यांत वाटून भरतात, प्रत्येकीवर तारीख लिहिलेली चिठ्ठी चिकटवतात आणि आठवड्याला दोनदाच, रविवारी व बुधवारी संध्याकाळी, पाइप भरतात. त्या हिशेबाने शंभर ग्रॅम चार-पाच महिने पुरते. भाचा आठ महिन्यांनी येतो. मधल्या तीन-चार महिन्यांत ते पुन्हा ती रिकामी डबी खिशात घालून मडगावची बस धरतात.